पाट, तास आणि तालीम: इंग्रजी शब्द डोक्यात कसे राहतील?

भुदरगड तालुक्यातल्या एका मुलीचा प्रश्न आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर बी.कॉम., आता राजारामपुरीत खोली घेऊन बँकेच्या परीक्षांची तयारी. ती लिहिते: "सर, रोज वीस इंग्रजी शब्द अर्थासकट पाठ करते. रविवारी उजळणीला बसलं की निम्म्याहून जास्त गेलेले असतात. रूममेट म्हणते, शब्दांची मुळं शिक, लॅटिन-ग्रीक धातू पाठ कर. त्यानं खरंच फरक पडतो की ते आणखी एक ओझं? आणि डिक्शनरी कुठली घेऊ, इंग्रजी-मराठी की इंग्रजी-इंग्रजी?" सोबत तिने काही केल्या न टिकणारे पाच शब्द पाठवलेत: रिलक्टंट, रेटिसंट, डिलिरिअस, प्रोक्रॅस्टिनेट आणि इग्रीजस.

फरक पडतो. पण धातूंची यादी पाठ करून नाही. ती तुझ्या शब्दांच्या यादीची थोरली बहीण, दोघींचं वळण एकच; तीही रविवारपर्यंत पळून जाईल.

तुझ्या शेवटच्या शब्दापासून सुरुवात करतो, कारण त्याने माझी एकदा चांगलीच जिरवली आहे. बी.ए. झालो त्या वर्षी शब्दांच्या उगमाचं नवं वेड लागलं होतं. लॅटिनमध्ये 'ग्रेक्स' म्हणजे कळप आणि 'एक्स' म्हणजे बाहेर, तेव्हा इग्रीजस म्हणजे कळपातून उठून दिसणारा. एवढं वाचलं आणि शिक्षकाच्या नोकरीच्या अर्जात स्वतःच्या शैक्षणिक कारकिर्दीला ते विशेषण लावून मोकळा झालो. मुलाखतीत एका वयस्कर गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवला, अर्ज पुन्हा वाचला आणि म्हणाले, "इतका प्रामाणिक उमेदवार पहिल्यांदाच बघतोय." इग्रीजस म्हणजे उठून दिसणारा हे खरं, पण आजच्या इंग्रजीत तो वाईटपणातच उठून दिसतो: ढळढळीत चूक, उघड उघड लबाडी. सोळाव्या शतकात हा शब्द स्तुतीलाही चालायचा. उपरोधाने वापरून वापरून त्याचा रंग उलटला. आपल्या 'शहाणा'चं तेच झालंय की. "लई शहाणा हाईस" म्हटल्यावर कोल्हापुरात कुणी खूश झालेलं मी पाहिलेलं नाही.

नोकरी अर्थातच गेली. पण क्रम कायमचा ठरला: आधी वाक्य, मग व्याख्या, मूळ सगळ्यात शेवटी. आजचा अर्थ काय हे वापरणारी माणसं ठरवतात. मुळाचं काम तो अर्थ खुंटीला अडकवून ठेवण्याचं. पुढे तीस-बत्तीस वर्षं शाळेत याच क्रमाने शिकवलं, आता संध्याकाळी अभ्यासिकेतल्या मुलांना तसंच शिकवतो.

रिलक्टंट घे. सरावाच्या उताऱ्यात तो साधारण असा भेटतो: 'बँक्स वेअर रिलक्टंट टु लेंड.' इथे थांब. डिक्शनरीला हात लावू नको, आधी अंदाज कर. बँका कर्ज नाकारत होत्या? तसं असतं तर 'रिफ्यूज्ड' आलं असतं. म्हणजे देत असतील, पण का-कू करत, हात आखडून. आता कोश उघड. छोट्या इंग्रजी-मराठी कोशात 'नाखूष, अनिच्छुक' असं काहीतरी मिळेल आणि तिथेच गोची होते. नाखूष तर आपण निकाल वाईट लागल्यावरही असतो. 'नाखूष' पाठ केलं की पर्यायांमध्ये 'अनहॅपी' दिसल्यावर बोट बरोबर तिकडे जातं.

व्याख्या तपासायची कशी, हे आपल्या न्यायशास्त्राने, म्हणजे जुन्या तर्कशास्त्राने, फार पूर्वी सांगून ठेवलंय. गाय म्हणजे शिंगं असलेला प्राणी, असं म्हटलं तर म्हैसही आत येते. ही अतिव्याप्ती. (गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला उभ्या राहिलेल्या माणसाला ही व्याख्या ऐकवून बघ.) तांबडी असते ती गाय, असं म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते. ही अव्याप्ती. माझ्याकडे प्रत्येकाने शब्दाची व्याख्या स्वतःच्या साध्या इंग्रजीत किंवा मराठीत लिहायची आणि शेजाऱ्याने एवढंच बघायचं, की यात कुठली म्हैस शिरलीय का. 'नाखूष' लिहिलं की वर्ग ओरडतो, "म्हैस!" मग दुरुस्ती होते: एखादी गोष्ट करायला मन घेत नाही, म्हणून मागे-पुढे करणारा. झाली व्याख्या. पाठ करावी लागत नाही, कारण ती भांडून मिळवलेली असते.

आता मूळ. लॅटिनमध्ये 'लुक्टारी' म्हणजे कुस्ती खेळणं, झोंबणं, आणि 'रे' म्हणजे उलट, विरुद्ध. रिलक्टंट माणूस आतून उलटा जोर लावतोय. खासबागेत एक तरी कुस्ती बघितली असशील. जोडीचा मल्ल पुढे ओढतोय आणि हा मातीत पाय रोवून मागे रेटतोय. जाईल कदाचित पुढे, पण सुखासुखी नाही. हा रेटा 'नाखूष'मध्ये कुठे आहे? एकदा हे चित्र बसलं की शब्द जात नाही. माझा एक विद्यार्थी तालमीत जाणारा होता, त्याने वहीत शब्दापुढे नुसतं एक लंगोटधारी चित्र काढलं होतं.

तालमीवरून आठवलं म्हणून सांगतो, परीक्षेला नाही आलं तरी चालेल. 'तालीम' हा अरबी शब्द, त्याचा अर्थ शिक्षण. आपण तो आखाड्याला दिला. ग्रीक लोकांचं 'जिम्नेशियम' म्हणजे उघड्या अंगाने कसरत करायची जागा, 'जिम्नोस' म्हणजे उघडा. जर्मन लोकांनी तोच शब्द घेऊन शाळेला दिला. तिकडे आजही जिम्नेशियम म्हणजे विद्यापीठाआधीची शाळा. कोल्हापुरात शिक्षणाची कसरत झाली, जर्मनीत कसरतीचं शिक्षण. आणि 'अरीना' म्हणजे वाळू. रोमन लोक झुंजींच्या जागेवर वाळू पसरत, म्हणून जागेचंच नाव वाळू पडलं. आपण तांबडी माती टाकतो आणि 'मातीतली कुस्ती' म्हणतो, तसंच. दंड फुगवल्यावर वर येणाऱ्या गोळ्याला आपण बेटकुळी म्हणतो, आपल्याला तिथे बेडकी दिसते. रोमन लोकांना उंदीर दिसला: 'मुस्कुलुस', छोटा उंदीर, त्याचा झाला मसल. त्यातला 'मुस' म्हणजे आपल्या मूषकाचाच भाऊबंद.

रेटिसंट तुझ्या यादीत रिलक्टंटच्या शेजारी आहे, ते बरोबरच आहे. दोघांची गल्लत इंग्रजी बोलणारेही करतात. 'ताकेरे' म्हणजे गप्प बसणं. 'टॅसिट अप्रूव्हल' म्हणजे मूकसंमती, त्यातला टॅसिट याच घरचा. रिलक्टंट माणूस करायला मागे सरतो, रेटिसंट माणूस बोलायला. परीक्षेत एवढा फरक पुरतो.

डिलिरिअस तुला अवघड जातोय याचं मला नवल वाटलं, कारण त्याची गुरुकिल्ली शहरातल्या मुलांकडे नसते, तुझ्याकडे असेल. 'लीरा' म्हणजे नांगराचं तास. 'दे' म्हणजे बाजूला. ज्याचं तास सुटलं तो डिलिरिअस. तापात बरळणारा माणूस तसाच असतो, बोलणं सरळ रेषेत चालत नाही. व्याख्येत एक गोष्ट मात्र मुळापेक्षा जास्त आहे: आनंदाने भान सुटलं तरी इंग्रजीत डिलिरिअस म्हणतात.

लॅटिन ही मुळात शेतकऱ्यांची भाषा, हे लक्षात ठेवलं की बरेच शब्द शेतातच सापडतात. 'रायव्हल' बघ. 'रीवुस' म्हणजे ओढा. एकाच ओढ्याचं पाणी घेणारे दोघे ते रायव्हल. उसाला पाणी पाजायच्या पाळीवरून बांधावर झालेली भांडणं ज्याने ऐकली आहेत, त्याला प्रतिस्पर्धी या शब्दाची आणखी व्याख्या काय सांगायची? 'डिराइव्ह' त्याच ओढ्यावरचा: पाट काढून पाणी वळतं करणं. व्युत्पत्तीला इंग्रजीत डेरिव्हेशनही म्हणतात. शब्दाच्या मूळ ओढ्यापासून आपल्या वाफ्यापर्यंत आलेला पाटच तो.

आणि लगेच एक खड्डा. रीवुसवरून तुला वाटेल, 'रिव्हर'ही त्याच घरातली असणार. नाही. रिव्हर आली 'रीपा'वरून, म्हणजे काठ. 'अराइव्ह'ही तिथलाच: होडी काठाला लागणं. आपण काम 'तडीस गेलं' म्हणतो, त्यातली तड म्हणजे काठच. दिसायला रिव्हर आणि रायव्हल सख्ख्या, पण कुळं वेगळी. म्हणून नुसत्या दिसण्यावरून नातं जुळवायचं नाही.

प्रोक्रॅस्टिनेट सोपा आहे. 'क्रास' म्हणजे उद्या. काम उद्यावर ढकलणं. पण मग 'पोस्टपोन'ही तेच नाही का? पोस्टपोनमध्ये तारीख ठरवून पुढे नेणं आहे, सभा पोस्टपोन होते. प्रोक्रॅस्टिनेटमध्ये टाळाटाळ आहे. ही बारीक रेघ मूळ दाखवत नाही, व्याख्याच दाखवते. तुझ्या मैत्रिणीला हे आवर्जून सांग.

आता तिच्या धातूंच्या यादीकडे. त्यातली कितीतरी नावं तू मराठी माध्यमात शिकल्यामुळे आधीच ओळखतेस, फक्त पोशाख वेगळा. विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशाने १७८६ मध्ये कोलकात्यात एशियाटिक सोसायटीपुढे भाषण करताना मांडलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मूळ भाषेतून आलेल्या असाव्यात. विद्वानांनी त्यावर पुढे फार मोठं शास्त्र उभं केलं. आपल्याला त्यातलं एवढंच हवंय, की जुनी नाती वापरता येतात.

गणितात परिमिती शिकलीस ना? 'पेरिमीटर' म्हणजे तोच शब्द ग्रीक अंगरख्यात: परि तो पेरि, मिती ते मीटर. अंतर् तो 'इंटर'. दुष्काळ, दुर्दशा यांतला दुस् तो 'डिस', वाय घालून लिहिलेला: डिस्लेक्सिया, डिसेंट्री. नकाराचा आपला अ किंवा अन् ग्रीकमध्ये 'अ, अन', लॅटिनमध्ये 'इन', अस्सल इंग्रजीत 'अन'. सप्त, अष्ट, नव, दश म्हटलं की सप्टेंबर ते डिसेंबर उभे राहतात. आकडे दोनने चुकतात, कारण जुनं रोमन वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं. ज्ञ आणि 'नो' म्हणजे जाणणं, हेही भाऊबंद. ज्या मुक्या 'के'ला शाळेत शिव्या दिल्यास, तो आपल्या ज्ञमधल्या ज्-चा नातेवाईक आहे. इंग्रजांनी उच्चारातून त्याला घालवला, लिखाणातून घालवायला विसरले. 'ॲग्नॉस्टिक' (देव आहे की नाही हे कळत नाही म्हणणारा) हा शब्द हक्सले या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६९ मध्ये तयार केला, त्याची फोड तू आता करू शकतेस: अ आणि ज्ञ.

तुझ्या बँकेच्या कामाचंही बघ. 'मॉर्ट' म्हणजे मृत, तोच आपला मृ धातू. 'गेज' म्हणजे तारण. मॉर्टगेज म्हणजे मेलेलं गहाण. 'डेट' म्हणजे कर्ज, यातला बी पूर्वी नव्हता. इंग्रजीत तो फ्रेंचमधून 'डेट'च आला होता. पंडितांनी लॅटिन 'डेबिटुम' आठवून मध्ये बी घुसडला, बोलणाऱ्यांनी तो कधीच उच्चारला नाही. पासबुकातलं 'डेबिट' आठवलं की स्पेलिंग चुकत नाही. हॉल तिकिटावर तुझ्या नावापुढे 'कॅन्डिडेट' छापलेलं असतं. रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा माणूस खडूने पांढरा केलेला टोगा (अंगाभोवती गुंडाळायचं रोमन वस्त्र) घालून फिरायचा, 'कान्डिडुस' म्हणजे चकचकीत पांढरा. आपला चंद्र त्याच मुळातून चमकतो. म्हणजे पांढरे कपडे घालून मतं मागायची पद्धत आपल्या पुढाऱ्यांनी शोधलेली नाही.

या खेळाची चटक लागते आणि मग माणूस भलतीकडेच नाती जोडू लागतो. फारसीत 'बद' म्हणजे वाईट, बदनाम-बदमाशमधला. इंग्रजीत 'बॅड' म्हणजे वाईट. आवाज तोच, अर्थ तोच, आणि नातं काहीही नाही, निव्वळ योगायोग. व्हॉट्सॲपवर दर महिन्याला कुणीतरी पाठवतं की नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ मिळून 'न्यूज' झालं. साफ खोटं. न्यूज म्हणजे नव्या गोष्टी, 'न्यू'चं अनेकवचन. शब्दाच्या आद्याक्षरांची फोड करून सांगितलेली जुन्या शब्दाची गोष्ट दिसली की ती खोटी समजून चाल, बहुतेक वेळा बरोबर ठरशील.

आपल्याकडून तिकडे गेलेले शब्द हा वेगळाच गोड विषय. शाहूपुरीत गुळाच्या पेठेतून जाताना हे आठव. संस्कृत शर्करा म्हणजे मूळ अर्थाने खडे, वाळूची कच. ती फारसीतून, अरबीतून युरोपात जाऊन 'शुगर' झाली. तीच शर्करा दक्षिणेत मल्याळममध्ये 'चक्कर' झाली, पोर्तुगीजांनी उचलली आणि इंग्रजीत 'जॅगरी' होऊन बसली. म्हणजे साखर आणि गूळ इंग्रजीत एकाच आईच्या दोन मुली. 'कॅन्डी'तही आपली खांड आहे. आणि 'मंगूस' तर आपल्या मुंगुसावरूनच गेलाय, म्हणून त्याचं अनेकवचन 'मंगूसेस' होतं, 'मंगीस' नाही. 'गूस'शी त्याचा काय संबंध?

एक गोष्ट मात्र खरोखर परीक्षेच्या कामाची आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात, कोर्टात फ्रेंच आली. कोर्ट, जज, जस्टिस, ज्युरी हे सगळे फ्रेंचमधून आलेले. आपल्याकडेही अर्ज, वकील, फिर्याद, हुकूम हे शब्द फारसी-अरबीचे, कारण सत्तेची भाषा ती होती. गोठ्यातली मेंढी 'शीप' राहिली, ताटात आली की फ्रेंच 'मटन' झाली. कोल्हापुरात मटण हा जिव्हाळ्याचा विषय असल्यामुळे हे उदाहरण कुणी विसरत नाही. यामुळे इंग्रजीत एकाच अर्थाचे दोन-तीन थर साचलेत: अस्सल इंग्रजी 'आस्क', फ्रेंच 'क्वेश्चन', लॅटिन 'इंटरॉगेट'. समानार्थी म्हणून तिन्ही एका ओळीत पाठ करतात, पण आई आस्क करते, वकील क्वेश्चन करतो, पोलीस इंटरॉगेट करतात. आखूड शब्द घरगुती, लांब शब्द कचेरीतला, एवढं बहुतेक वेळा खरं निघतं. रिकाम्या जागा भरताना वाक्य घरातलं आहे की कचेरीतलं, ते आधी बघ.

डिक्शनरीचं विचारलंस. विद्यार्थ्यांसाठी काढलेली इंग्रजी-इंग्रजी घे, जिला लर्नर्स डिक्शनरी म्हणतात. त्यांच्या व्याख्या ठरावीक सोप्या शब्दांत असतात. लाँगमनने १९७८ मध्ये काढलेल्या कोशात सगळ्या व्याख्या सुमारे २००० शब्दांत बसवल्या होत्या. तेवढे शब्द तुला येतातच. इंग्रजी-मराठी कोश फेकू नको; झाडं, पक्षी, आजार, धान्यं यांना तोच बरा. 'मॅगपाय' म्हणजे काय हे दोन ओळींच्या व्याख्येतून कशाला शोधायचं? मुळं मात्र लर्नर्स डिक्शनरीत अनेकदा नसतात. त्यासाठी मोठा कोश लागतो, तो विकत घेऊ नको. भाऊसिंगजी रोडला करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० पासूनचं. तिथे किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आठवड्यातून एकदा बस. नोंदीत चौकटी कंसात भाषांची आखूड रूपं असतात, एल म्हणजे लॅटिन, जीके म्हणजे ग्रीक. ही सवय आपल्यालाही नवी नाही, मोल्सवर्थच्या मराठी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत शब्दापुढे संस्कृत, फारसी, अरबी अशा खुणा केलेल्या आहेत.

वही करशील तर यादीची करू नको. एका शब्दाला निदान अर्धं पान दे: जिथे भेटला ते वाक्य, तुझी व्याख्या, मूळ सापडलं तर एका ओळीत, आणि त्याच घरातले दोन-तीन शब्द. ग्रेक्सच्या पानावर सेग्रिगेट, काँग्रिगेशन, ॲग्रिगेट आपोआप येऊन बसतील, सगळे कळपाचेच. मूळ सापडलं नाही किंवा कंटाळवाणं निघालं तर सोडून दे. दहातल्या चार-पाच शब्दांचीच मुळं कामाची निघतात, असा माझा अनुभव. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीलाच झपाट्याने विसरतं. तेव्हा रविवारची वाट बघू नको. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, मग आठवड्याने, आणि उत्तर हाताने झाकून.

रोज वीस फार झाले, पाच-सहा घे. ते जमायला वेळ लागतो, म्हणून एक व्यवहाराची गोष्ट: परीक्षा महिन्यावर आली असेल तर मुळांच्या नादाला आत्ता लागू नको. मागच्या प्रश्नपत्रिकांमधले उतारे सोडव, अडलेल्या शब्दांची वाक्यं आणि व्याख्या तेवढ्या लिही, खालची ओळ मोकळी ठेव. पेपर झाल्यावर गावी जाशील, तेव्हा ती भरता येईल.